काडी आणि सूळ

सज्जनहो, कीर्तन आटोपतं, आरती होते, बुक्का लावून होतो आणि मग मायमाउल्या लेकरांना पुढे करतात. "बुवा, याच्या डोक्यावर हात ठेवा." हात ठेवता ठेवता एखादी हळूच विचारते, "बुवा, लहान मुलाला पाप लागतं का हो?" विचारणारीच्या मनात काहीतरी असतं. पोरानं चिमणीचं घरटं पाडलेलं असतं, नाहीतर शेजारच्या पोराचं डोकं फोडलेलं असतं. मी तोंड उघडायच्या आत तीच उत्तर देऊन मोकळी होते, "जाऊ द्या, त्याला काय कळतंय!"

आजचं निरूपण या तीन शब्दांवर आहे. त्याला काय कळतंय. आपल्या घरात हे शब्द दिवसातून दहा वेळा बोलले जातात. ते खरे आहेत की खोटे? महाभारताच्या आदिपर्वात याचा निवाडा झालेला आहे, आणि तो साध्यासुध्या ठिकाणी नाही, खुद्द यमधर्माच्या सभेत.

मांडव्य नावाचे ऋषी होते. आश्रमाच्या दाराशी झाडाखाली हात वर करून उभे राहायचे, मौनाचं व्रत. एके दिवशी चोर लुटीचा माल घेऊन पळत आले. मागे राजाचे शिपाई. चोरांनी माल आश्रमात लपवला आणि स्वतःही तिथेच दडून बसले. शिपाई आले, ऋषींना विचारलं, "महाराज, चोर कोणत्या वाटेनं गेले?" ऋषी बोलेनात. पुन्हा विचारलं. बोलेनात. व्रतच होतं ते. शिपायांनी आश्रम धुंडाळला, तर चोरही सापडले आणि मालही सापडला. मग संशय कुणावर? जो बोलत नाही त्याच्यावर. राजाकडे नेलं. राजानं चौकशी केली नाही, चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढवण्याची आज्ञा दिली.

मांडव्य सुळावर चढवले गेले, पण मेले नाहीत. अन्न नाही, पाणी नाही, शरीरात सूळ रुतलेला आणि तपश्चर्या चालूच. पुढे राजाला कळलं. धावत आला, पायांवर डोकं ठेवलं. ऋषींनी क्षमा केली. राजा म्हणाला, आता सूळ काढू. काढायला गेले तर सूळ निघेना! शेवटी बाहेरचा भाग कापून टाकला आणि आतलं टोक तसंच राहिलं. टोकाला अणी म्हणतात, म्हणून त्यांचं नाव पडलं अणीमांडव्य. सज्जनहो, इथे जरा थांबा. राजानं क्षमा मागितली, ती मनापासून मागितली आणि ऋषींनी ती दिलीसुद्धा. तरी टोक आतच राहिलं. आपण घरात एकमेकांना म्हणतो ना, "माफी मागितली की, आता आणखी काय?" त्या वेळी हा मांडव्य आठवावा.

ते टोक शरीरात घेऊन ऋषी यमधर्माच्या सभेत गेले. रागानं नाही गेले, विचारायला गेले. "देवा, माझ्या हातून असं काय घडलं की हे माझ्या वाट्याला यावं? मला तर काहीच आठवत नाही." धर्मराज म्हणाले, "लहानपणी तू कीटक धरायचास आणि त्यांच्या शेपटात गवताची काडी खुपसायचास. थोडं दान जसं पुष्कळ होऊन परत येतं, तसाच थोडा अधर्मही येतो."

गवताची काडी! चोरी नाही, खून नाही, परद्रव्य नाही. श्रोते इथे हमखास हसतात. मला मात्र या ठिकाणी हसू येत नाही, कारण हे पोर मी पाहिलेलं आहे. तुम्हीही पाहिलेलं आहे. भाद्रपद-आश्विनात बांधावर चतुर उडायला लागले की गावातली पोरं काय करतात? दबक्या पावलानं जायचं, चिमटीत शेपूट धरायचं, शेपटीला दोरा बांधायचा आणि पतंगासारखा उडवत हिंडायचं. शहराकडची पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. दोरा ओढला की चतुर खाली येतो, सैल सोडला की वर जातो. पोरगं हरखून जातं. त्याच्या मनात दुष्टपणाचा लवलेश नसतो हो. उडणारी वस्तू आपल्या हातात आली, याचा निर्मळ आनंद असतो. आणि संध्याकाळी तो चतुर दोऱ्यासकट अंगणात पडलेला असतो. पोरगं तोवर जेवायला बसलेलं असतं.

मांडव्यांनी धर्मराजाला काय उत्तर दिलं, ते आता नीट ऐका. ते म्हणाले, एवढ्याशा अपराधाला तू एवढी मोठी शिक्षा दिलीस, म्हणून तुला मनुष्ययोनीत, दासीच्या पोटी जन्म घ्यावा लागेल. आणि आजपासून मी मर्यादा घालतो: चौदा वर्षांपर्यंत मुलाच्या हातून जे घडेल त्याचं पाप धरलं जाणार नाही. त्यापुढे घडेल ते धरलं जाईल. यमाला कायदा घालून देणारा ऋषी! म्हणजे त्या माउलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. लागत नाही, बाई. चौदापर्यंत पाप लागत नाही. निर्धास्त घरी जा.

पण मांडव्य काय बोलले नाहीत, तेही बघा. "किड्याला काय होतंय" असं ते म्हणाले नाहीत. म्हणायला जागा होती. समोर यम, अंगात सूळ, वादाला वाद घालता आला असता. पण ज्याच्या शरीरात सूळ आहे तो माणूस ते म्हणूच शकत नाही. काडी आत गेल्यावर काय होतं, हे त्या सभेत एकट्या मांडव्यांना ठाऊक होतं. त्यांनी मुलाचं पाप माफ करून घेतलं. किड्याची कळ माफ होत नाही, ती किड्यानं भोगलेलीच असते.

आपल्या भाषेची गंमत बघा. कळ म्हणजे वेदना, आणि कळणं म्हणजे उमगणं. व्याकरणाचे पंडित म्हणतील बुवांनी ओढूनताणून जुळवलं. म्हणोत बापडे! कीर्तनकाराला तेवढी मुभा असते. पण आपल्या पायात काटा मोडेपर्यंत दुसऱ्याचं लंगडणं कळत नाही, हे तर कुणी नाकारणार नाही. मग प्रत्येक पोराला काटा मोडायची वाट बघत बसायचं का? मांडव्यांसारखं सुळावर जाऊनच शिकायचं का? नाही ना? मग ती चौदा वर्षं कशासाठी आहेत? ती मुदत आहे. सावकारानं मुदत दिली म्हणजे कर्ज बुडालं असं होत नाही, फेडीची तयारी करायची असते. चौदा वर्षांत या पोराला दुसऱ्याची कळ दिसायला लागली पाहिजे. चौदाव्या वाढदिवसाला पहाटे उठून ती आपोआप दिसायला लागत नाही. आईबापानं, आजीनं, गुरुजींनी ती दाखवावी लागते. जी माउली नुसतं "त्याला काय कळतंय" म्हणून पुढे जाते ती मुदत फुकट घालवते, असं माझं स्पष्ट मत आहे. राग आला तर येऊ द्या.

दाखवायची कशी? तर ऐका. पालखीबरोबर चालताना एका वर्षी आमच्या दिंडीचा मुक्काम एका गावाबाहेर पडला. मृगाचा पाऊस वेळेवर झाला होता, बाजरी नुकती उगवून आली होती, बोटभर. दिंडीत सात-आठ पोरं होती, दिवसभर चालूनही त्यांचे पाय थकलेले नव्हते. राहुट्या ठोकेपर्यंत ही शेजारच्या वावरात शिवाशिवी खेळली. शेतकरी बांधावर उभा होता. तो काही बोलला नाही. उलट हात जोडून म्हणाला, "असू द्या माउली, वारकऱ्यांचे पाय लागले."

आमच्या दिंडीत एक म्हातारे विणेकरी होते. शाळा फारशी शिकलेले नव्हते. त्यांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली, कारण वीणा खाली ठेवायची नसते, आणि पोरांना घेऊन वावरात गेले. रागावले नाहीत, हात उगारला नाही. म्हणाले, "बसा खाली. यातली मोडलेली रोपं कोणती आणि उभी कोणती, मला सांगा. माझी नजर गेली आहे." पोरं उकिडवी बसली. एक मोडलेलं सापडलं, दुसरं सापडलं, मग सापडतच गेली. आधी मोठ्यानं मोजत होती, मग आवाज बारीक होत गेला. त्यांतल्या एकानं शेतकऱ्याला विचारलं, "काका, याच्या किती भाकरी झाल्या असत्या?" शेतकरी हसला आणि म्हणाला, "पाऊस ठरवील बाळा." मग विणेकऱ्यांनी त्याच्याकडून मूठभर बी मागून घेतलं आणि जिथं दाटी मोडली होती तिथं पोरांच्या हातानं टोबून घेतलं. ते उगवलं की नाही, कुणाला ठाऊक! आम्ही पहाटे निघालो. पण पुढच्या वाटेवर ती पोरं कुणी न सांगता रस्त्याच्या कडेनं रांगेत चालत होती, आणि एखादा थोर माणूस वावरातून आडवाट काढायला लागला की त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्या नजरेनं दोघातिघांना मी परत रस्त्यावर आलेलं पाहिलं.

वाचकहो, त्या शेतकऱ्याचं बोलणं लक्षात घ्या. "असू द्या माउली." ज्याला लागतं तो ओरडतोच असं नाही. किडा ओरडत नाही. शेतकरी भक्तीपोटी बोलत नाही. सून लाजेपोटी बोलत नाही, नोकर पोटापायी बोलत नाही. आणि आपण समजतो की कुणी ओरडलं नाही म्हणजे कुणाला लागलं नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात आपण पत्रावळ टाकतो, कपडे सोडतो, नदी कुठे काही बोलते?

आता कथेचा धागा पुढे नेऊ. मांडव्यांच्या शापानं धर्मराज दासीच्या पोटी जन्माला आले, तेच विदुर. जन्माला कुठे आले? हस्तिनापुरात. मुलांच्या पापाचा हिशेब ठेवणाऱ्याला मुलं वाढताना समोर बघावी लागली. पंडुराजा गेला, कुंती पाच मुलांना घेऊन हस्तिनापुरी आली, आणि एकाच वाड्यात एकशे पाच पोरं खेळायला लागली. त्यांत भीम. भीमाच्या बळाच्या गोष्टी सांगताना आम्ही कीर्तनकार मोठे रंगतो. कौरव झाडावर चढले की भीम बुंध्याला लाथ मारून झाड हलवायचा, फळांबरोबर कौरवही टपाटप खाली! मंडपात हशा पिकतो. केस धरून ओढायचा, दहा-दहा पोरांना कवेत धरून पाण्यात बुडी मारायचा आणि ती मरायला टेकली की सोडायचा. इथेही हशा पिकतो. सज्जनहो, पाण्याखाली एकदा त्या पोरांच्या जागी जाऊन बघा. श्वास संपत आलाय, छाती फुटायला आलीय, आणि वर धरणारा हसतोय.

व्यासांचा न्याय मात्र मोठा चोख आहे. ते सांगतात की भीम हे सगळं पोरपणानं करत होता, द्वेषानं नव्हे. म्हणजे भीमाच्या मनात वैर नव्हतं. पण वैर निर्माण झालं ना! ते दुर्योधनाच्या मनात झालं. पुढे गंगेकाठी प्रमाणकोटीला दुर्योधनानं भीमाला अन्नातून विष घातलं आणि वेलींनी बांधून पाण्यात ढकललं. ते पाप दुर्योधनाचंच, त्यात भीमाला मी ओढत नाही. विष घालणाऱ्याला "त्याला आधी त्रास झाला होता" अशी सूट नाही. पण भीमाला जवळ घेऊन कुणी "बाळा, त्यांचे चेहरे बघितलेस का?" असं विचारलं, असा प्रसंग त्या कथेत नाही. वाड्यात आजोबा होते, काका होते, आई होती. थोरांना वाटलं असेल, पोरं आहेत, खेळताहेत.

त्याच कुळातला परीक्षित, अर्जुनाचा नातू. याची कथा भागवतात आहे, महाभारतातही आहे, थोड्या फरकानं. मी महाभारताला धरून सांगतो. राजा मृगयेला गेला. बाण लागलेला मृग निसटला. राजा मागे धावून धावून दमला, भुकेला, तहानलेला. वय किती? व्यासांनी वयसुद्धा सांगितलं आहे, 60 वर्षं. माझ्यासारखाच साठी गाठलेला. वाटेत शमीक ऋषी बसलेले दिसले. "मी अभिमन्यूचा मुलगा परीक्षित. माझा मृग इकडून गेला का?" ऋषी बोलले नाहीत. त्यांचंही मौन! मांडव्यांच्या दारात शिपायांना जे कळलं नाही, ते इथे राजालाही कळलं नाही. रागावला, पडलेला मेलेला साप धनुष्याच्या टोकानं उचलला आणि ऋषींच्या खांद्यावर टाकला. ऋषी तरीही काही बोलले नाहीत, बरंही नाही आणि वाईटही नाही. राजाचा राग उतरला, मन खट्टू झालं, आणि तो तसाच नगराकडे निघून गेला. साप खांद्यावरच राहिला. साठ वर्षांचा राजा, प्रजेचा पालक, आणि हातात तीच काडी, मांडव्याच्या लहानपणची.

शमीकांचा मुलगा शृंगी. वयानं लहान, तपानं मोठा, स्वभाव तापट. त्याच्या मित्रानं खेळता खेळता चिडवलं, "फार ऐट करू नकोस, तुझा बाप खांद्यावर मढं घेऊन बसलाय." एवढं पुरे झालं. पोरानं हातात पाणी घेतलं आणि शाप दिला, सात रात्रींच्या आत तक्षक त्या राजाला यमसदनी धाडील. मित्रानं थट्टा केली, त्यालाही कुठे ठाऊक होतं की आपल्या थट्टेचं टोक हस्तिनापूरच्या राजाला लागणार आहे!

शृंगी धावत वडिलांकडे आला. साप खांद्यावर तसाच. पोरगं रडलं आणि रडत रडत म्हणालं, "बाबा, मी त्याला शाप दिला." आता बापाची परीक्षा. पोरगं बापाच्या मानासाठी भांडून आलंय. आपण काय केलं असतं? जवळ घेतलं असतं. "शाब्बास, बापाचं नाव राखलंस" म्हटलं असतं. निदान "जाऊ द्या, त्याला काय कळतंय" तरी. शमीक म्हणाले, "बाळा, तू केलंस ते मला आवडलं नाही." पुढे ते समजावत बसले. राजा आपलं रक्षण करतो म्हणून आपण इथे निवांत बसतो. तो दमलेला होता, भुकेला होता, माझं व्रत त्याला ठाऊक नव्हतं. बघा हं, ज्याच्या खांद्यावर साप टाकला तोच साप टाकणाऱ्याची भूक मुलाला सांगतोय! शिवाय म्हणाले की मुलगा मोठा झाला तरी बापानं त्याला सांगत राहावं, तू तर अजून लहान आहेस.

शृंगी म्हणाला, "बाबा, बरं असो वाईट असो, मी बोललो ते खोटं व्हायचं नाही. मी थट्टेतसुद्धा खोटं बोलत नाही." शब्द सुटला होता. मांडव्यांच्या अंगातल्या टोकासारखा, आता तो निघणार नव्हता. मग शमीकांनी काय केलं? मुलाला दोष देत बसले नाहीत, स्वतःला दोष देत बसले नाहीत, नशिबाच्या नावानं उसासे टाकले नाहीत. गौरमुख नावाच्या शीलवान शिष्याला बोलावलं आणि म्हणाले, जा हस्तिनापुरी. आधी राजाचं कुशल विचार, मग घडलेलं सगळं सांग, म्हणजे तो सावध होईल. ज्याला आपल्या घरातून इजा पोचणार आहे, त्याला आपणच जाऊन सांगायचं. हे किती जड काम आहे! आपल्या पोरानं शेजाऱ्याची काच फोडली तर आपण आधी दार लावून घेतो.

गौरमुख राजसभेत गेला. राजानं त्याचा सत्कार केला. त्यानं कुशल विचारलं आणि मग सगळा निरोप सांगितला, की शमीकांच्या मुलानं तुम्हाला शाप दिला आहे, वडिलांच्या नकळत दिला आहे, सात रात्रींत तक्षकाकडून मृत्यू आहे, म्हणून स्वतःला जपा. मुलाचा राग आवरणं त्यांना साधलं नाही, म्हणून तुमच्या हितासाठी त्यांनी मला धाडलं आहे.

राजा ऐकत होता. सात रात्री उरल्या, हे ऐकलं. आणि दुसरी गोष्ट त्याला तेव्हाच कळली, की ऋषी बोलले नाहीत ते गर्वानं नव्हे, त्यांचं मौनव्रत होतं. व्यास सांगतात, आपल्या मरणाच्या वार्तेनं राजा तितका तळमळला नाही, जितका तो आपण केलेल्या कर्मानं तळमळला. सभा भरलेली, मंत्री घाबरलेले, आणि राजाच्या डोळ्यांपुढे तो खांदा.

गौरमुख परत निघाला तेव्हा राजानं त्याच्यापाशी शमीकांसाठी निरोप दिला. स्वतःचं आयुष्य मागितलं नाही, शाप मागे घ्या असंही म्हणाला नाही. "महर्षींना सांगा, त्यांनी पुन्हा माझ्यावर प्रसन्न व्हावं."

तक्षक कसा आला, आणि गंगेकाठी शुकमुनींनी राजाला सात दिवस काय ऐकवलं, ते उद्याच्या कीर्तनात.